संध्याकाळी सहाला उजाडतं

संध्याकाळी ६.१०

या वेळेला डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मी सगळ्या गावाच्या उलट दिशेनं चालत असते. कल्याणकडे जाणारी प्रत्येक गाडी माणसं ओतून जाते. रेलिंग धरून, पर्स पोटाशी घेऊन त्या गर्दीतून वाट काढायची आणि मुंबईकडच्या फलाटावर उतरायचं. तिथं मात्र थाट असतो. सकाळी ज्या डब्यात एक पाय ठेवायला भांडणं होतात, त्यात खिडकी मिळते. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. तेवढ्यात डबा उघडून पोळीभाजी संपवते, कारण रात्री जेवायला कधी मिळेल याचा भरवसा नाही. समोरची बाई हमखास विचारते, "आत्ता कामाला?" हॉस्पिटल म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग जरा सांगता का, मला इथं डाव्या बाजूला असं टोचल्यासारखं होतं..."

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी सीसीयूची स्टाफ नर्स आहे. हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे पेशंट. औषधं, यंत्रं, सुया, नळ्या सगळं हाताखाली असतं, पण रात्रभर मोजायची वस्तू एकच, वेळ. हृदयाच्या स्नायूचं रक्त थांबलं की मिनिटागणिक थोडा थोडा स्नायू मरतो आणि मेलेला परत उगवत नाही. म्हणून ही रात्र घड्याळ बघूनच सांगते.

७.४०

ओव्हर. दुपारपाळीची सिस्टर ड्युटी माझ्या हातात देते ती खुर्चीत बसून नाही, बेडपाशी उभं राहून. "बेड दोन, एक्केचाळीस, मेल, इन्फिरिअर वॉल एमआय, पोस्ट पीटीसीए, आरसीएला एक स्टेंट, ग्रॉइनला शीथ आहे, एसीटी दहा वाजता." मराठीत सांगायचं तर कल्याण पूर्वेचा एक रिक्षावाला, हृदयाच्या खालच्या बाजूला झटका, उजवी धमनी फुगा घालून उघडली, आत जाळी बसवली. मनगटातली धमनी आकसल्यामुळे जांघेतून जावं लागलं आणि ती नळी अजून जांघेतच आहे. ती रात्री मला काढायची आहे.

याची गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की छातीत कळ आल्यावर शेजाऱ्यानं प्रेमानं सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली. आपल्याकडे घरोघरी आजोबांच्या डब्यात ही गोळी असते आणि कुणालाही दिली जाते. खालच्या बाजूच्या झटक्यात हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेला असेल तर ती रक्तदाब धाडकन खाली आणते. हा आला तेव्हा त्याचं बीपी सत्तरवर होतं, घामानं शर्ट पिळून काढावा असा. नुसती डिस्प्रिन चावायला दिली असती तर ते कामाचं होतं.

बेड चार, हार्ट फेल्युअरचे काका. बेड पाच, पायातली गुठळी काढलेली आजी. सहा रिकामा. रिकाम्या बेडचीसुद्धा ओव्हर असते. मॉनिटर लावून बघायचा, सक्शन ओढतंय का पाहायचं, ऑक्सिजनचा काटा बघायचा. मग क्रॅश कार्टचं सील, लॅरिंगोस्कोपचा दिवा, डिफिब्रिलेटरचा चाचणी शॉक, त्याची निघालेली पट्टी वहीत चिकटवून सही. हे सगळं रोज तेच, आणि रोज कंटाळा न करता.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अतिदक्षता विभागात एका पेशंटला एक नर्स धरली आहे. मला तीन आले. हा आकडा ऐकून दुसऱ्या रुग्णालयातली मैत्रीण म्हणाली, "तीनच?"

९.००

चार नंबरचे काका अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. हृदयाची ताकद एक चतुर्थांशावर आलेली. आमच्या बिल्डिंगची मोटर म्हातारी झाली तेव्हा वरच्या मजल्यावर पाणी चढेना आणि खाली टाकी भरून वाहायची, तसं त्यांचं झालंय. रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, मागे फुप्फुसात आणि पायांत पाणी साचतं. आले तेव्हा तीन उश्या घेऊनही आडवं होता येत नव्हतं. नडगीवर अंगठा दाबून सोडला की खड्डा तसाच राहायचा. आता लॅसिक्सच्या इंजेक्शननं ते उतरतंय.

त्यांचा आणि माझा व्यवहार मिलिलिटरचा. आत किती गेलं, बाहेर किती आलं. पाणी, चहा, आमटी, औषधाच्या सलाईनचे थेंब, सगळं "इनटेक"मध्ये. पिशवीतली लघवी दर तासाला "आउटपुट"मध्ये. काकांना दिवसाला दीड लिटरची परवानगी आहे आणि ते चोरून पाणी पितात. परवा चूळ भरायच्या निमित्तानं अख्खा पेला गट्ट केला. तोंड कोरडं पडतं हे खरं आहे, त्याला मी बर्फाचा खडा देते, तोही लिहून ठेवते.

काकू भेटायला येताना डबा घेऊन आल्या. वरणभात, दुधीची भाजी, सगळं अळणी, शहाण्यासारखं. झाकणाच्या खालच्या कप्प्यात दोन भाजलेले पापड आणि चमचाभर सुकटीची चटणी.

"एवढंसं आहे हो सिस्टर, त्याशिवाय घास उतरत नाही त्यांना."

"काकू, या दोन पापडांनी किती पाणी धरून ठेवलं ते उद्या सकाळी काट्यावर दाखवते."

एक किलो वजन म्हणजे साधारण एक लिटर पाणी. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागायची वाट न बघता फोन करायचा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला घरी सांभाळायचं तंत्र निम्मं एवढंच आहे. तरी डिस्चार्जच्या वेळी लोक गोळ्यांची चिठ्ठी तीनदा वाचून घेतात आणि वजनाचा काटा घ्यायचं विसरतात. मी काकूंना आणखी एक सांगितलं, सकाळी दीड लिटरचं पाणी एका बाटलीत भरून ठेवा, चहा-ताक घेतलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका. बाटली संपली की दिवस संपला. हे त्यांना पटलं. महिन्याच्या दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे न पटायला काय झालं?

पापड त्या परत घेऊन गेल्या. चटणीचं मला माहीत नाही.

१०.२०

एसीटी १६८ आलं. रक्त गोठायला लागणारे हे सेकंद १८०च्या खाली आले की नळी काढता येते. आरएमओ सरांना बोलावलं, ॲट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं, सलाईन मोकळं सोडलं. टाके कापले, कातडीवरच्या छिद्राच्या दोन बोटं वर धमनीची ठोके देणारी जागा शोधली, आणि सरांनी नळी ओढताच दाबलं.

इथून पुढे वीस मिनिटं माझे हात कुठंही जात नाहीत. पलंगाची उंची आधीच कमरेएवढी करून घ्यायची, कोपर सरळ ठेवायचं आणि खांद्यातून वजन द्यायचं. मनगटानं दाबणारी नवी मुलगी सातव्या मिनिटाला थरथरायला लागते. दाब इतका की रक्त बाहेर येऊ नये, पण इतकाही नाही की पायाला रक्तच जाऊ नये. म्हणून सहकारी सिस्टर मधून मधून पावलावरची नाडी बघते. माझं लक्ष मॉनिटरवर. नळी निघताना काहींची नाडी अचानक चाळिसाच्या खाली जाते. आधी जांभई येते, मग मळमळ, मग घाम. जांभई दिसली की मी अर्धी तयारीत असते.

रिक्षावाला घाबरला होता. त्याला बोलतं ठेवायचं म्हणून विचारलं, मावा खाता की तंबाखू? "दोन्ही, पण कमी." कमी म्हणजे दिवसाला सहा पुड्या. मग त्यानं विचारलं, "सिस्टर, हे हृदयापर्यंत तार घालायचं डोकं कुणाचं?"

मी त्याला जर्मनीतल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १९२९ साली एबर्सवाल्डे नावाच्या गावात वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरला हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून बघायची होती. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक सामानाच्या किल्ल्या गेर्डा डित्सेन नावाच्या नर्सकडे. तिला त्यानं पटवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं तिला टेबलावर बांधलं, तिच्या हाताला औषध लावल्याचं नाटक केलं आणि नळी गुपचूप स्वतःच्याच हातात घातली. मग दोघं जिना उतरून एक्स-रे खोलीत गेले, नळीचं टोक हृदयात पोचलेलं फोटोत दिसलं. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं.

"आणि नर्सला?"

"नर्सला काय मिळणार!"

तो हसायला लागला. "हसू नका, पोट हलतं," मी ओरडले. खोकला किंवा हसू आलं तर स्वतःचा हात जांघेवर दाबून धरायचा, हे त्याला त्याच वेळी शिकवलं. आता सहा तास पाय सरळ. आणि रात्री कधीही पाठ किंवा कंबर दुखायला लागली तर लाजायचं नाही, हाक मारायची. जांघेतून होणारा रक्तस्राव दर वेळी बाहेर दिसतोच असं नाही, कधी तो आतल्या आत पोटामागे साचतो आणि पेशंट नुसता "पाठ अवघडली" म्हणतो. सीसीयूत पाठदुखीला कुणी हलकं घेत नाही.

१२.००

पाच नंबरच्या आजी कल्याणच्या पारनाक्याच्या. त्यांच्या पावलावर मी निळ्या पेनानं एक फुली काढली आहे.

आजींच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथं रक्त साकळून गुठळी होते, आणि ती सुटली की मेंदूत जाते किंवा हातापायात. आजींची डाव्या पायात गेली. पाय दुखायला लागला, गार पडला, पांढरा झाला. घरच्यांनी आधी तेल लावून चोळला, मग गरम पाण्याची पिशवी. रक्त न मिळणाऱ्या पायाला गरम पिशवी म्हणजे भाजून फोड. सुनेनं दोन्ही पावलांना एकदम हात लावला आणि एक बर्फासारखं आहे हे तिला कळलं, म्हणून पाय वाचला. अशा पायाला साधारण सहा तास असतात.

गुठळी काढायला वापरली ती फुग्याची नळी थॉमस फोगार्टीची. हा गृहस्थ शाळेत असल्यापासून सिनसिनाटीच्या रुग्णालयात काम करायचा, ऑपरेशनला सामान हातात देणारा टेक्निशियन. पाय उघडून तासन्‌तास चालणारी ऑपरेशनं आणि तरी जाणारे पाय त्यानं जवळून पाहिले होते. पुढे डॉक्टरीला गेल्यावर रबरी हातमोज्याचं बोट कापून, मासे पकडायच्या गळाला माशी बांधतात त्या गाठीनं ते नळीला बांधलं. रिकामा फुगा गुठळीच्या पलीकडे न्यायचा, फुगवायचा, आणि ओढत आणायचा. १९६३ साली त्यावरचा लेख छापून आला. टेबलाच्या सामान देणाऱ्या बाजूला उभं राहणाऱ्या माणसाला काय काय दिसतं, हे डॉक्टर लोकांनी लक्षात ठेवावं असं मला नेहमी वाटतं.

तर फुली. पावलाच्या वरची ती नाडी बोटाला नीट लागत नाही, डॉपलरचं टोक फिरवून शोधावी लागते, मग "हुश्श, हुश्श" असा आवाज येतो. तो जिथं आला तिथं फुली. म्हणजे पहाटे तीनला दुसऱ्या कुणी बघितली तरी जागा तीच, आणि आवाज नाही आला तर तो पेशंटचा बदल, शोधणाऱ्याची चूक नव्हे. दर तासाला रंग, ऊब, नाडी, अंगठा हलतो का, पोटरी मऊ आहे का. बंद पडलेलं रक्त परत सुरू झाल्यावरही पोटरी सुजून आतून आवळू शकते, आणि तेव्हा पुन्हा ऑपरेशनच. आजींना फुली आवडलेली नाही. "चुकलं की मास्तर काढायचे तसली काय काढलीस पायावर?" मी म्हटलं, उद्या बरोबरची खूण काढते.

अशा गोष्टी नर्सनं ठरवायच्या, हा हक्क काही आपसूक मिळालेला नाही. १९६०च्या आधी झटक्याचा पेशंट साध्या वॉर्डात झोपवून ठेवत. ठोका बिघडला तर डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं असे. मग हृदयरोग्यांसाठी वेगळे कक्ष निघाले. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोज पिनिओ यांनी दाखवून दिलं की चोवीस तास पेशंटपाशी असणारी नर्स ईसीजी वाचू शकते आणि डॉक्टरची वाट न बघता शॉकही देऊ शकते. तोवर हे फक्त डॉक्टरांचं काम होतं. त्यांचं नर्सेससाठीचं पाठ्यपुस्तक १९६५ साली आलं. यंत्र तेच, फक्त ते वापरायची मुभा पेशंटच्या सगळ्यात जवळच्या माणसाला दिली, आणि माणसं वाचायला लागली.

२.१०

मॉनिटर किंचाळला. लाल अक्षरं, भयंकर नागमोडी रेघ. धावत गेले तर चार नंबरचे काका छाती खाजवत होते. दात घासताना, खाजवताना, उचकी लागली की यंत्राला प्राणघातक ठोका दिसतो. म्हणून आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायचं, मग पडद्याकडे. पण दर तासाला दहा खोटे आवाज ऐकून अकराव्याला मान वर न करणं, हे जास्त धोक्याचं. त्यावर उपाय कंटाळवाणे आहेत. चिकट पट्ट्या रोज बदलायच्या, छातीवरचे केस काढून घाम पुसून लावायच्या, प्रत्येकाच्या तब्येतीप्रमाणे आवाजाच्या मर्यादा ठरवायच्या.

काकांची झोप उडाली ती उडालीच. उठून बसले आणि हाताची सलाईन ओढू लागले. "सात बेचाळीस चुकेल, सोडा मला." तीस वर्षं पकडलेली लोकल. अतिदक्षता विभागात म्हाताऱ्या माणसांना रात्री असा भ्रम होतो. दिवस-रात्र कळत नाही, खिडकी नाही, चष्मा घरच्यांनी सुरक्षित म्हणून घरी नेलेला. बांधून ठेवलं की जास्त चवताळतात. मी कानाचं यंत्र लावलं, दिवा लावला, घड्याळ दाखवलं, वार सांगितला. म्हटलं, "काका, आज रविवार. मेगाब्लॉक आहे." ते निमूट आडवे झाले.

३.१५

मावशींनी चहा आणला. वॉर्डच्या मावशी आणि मामा नसते तर आमचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पेशंटला कुशीवर वळवायला मामा, बेडपॅनला मावशी, आणि नातेवाइकांत खरं काय चाललंय याची बातमीही मावशींकडूनच. चहा घेताना आम्ही चौघीजणी पाय समोरच्या स्टुलावर टाकून बसतो. त्यातल्या दोघींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्यात. दिवसभर उभं राहिलं की पायाच्या शिरांतल्या झडपा थकतात आणि रक्त खाली साचतं. पेशंटला घट्ट मोजे घाला म्हणून आम्हीच सांगतो, स्वतः घालते ती एक केरळची सीनियर, तिला आम्ही चेची म्हणतो.

४.२५

फोन. कल्याणच्या एका छोट्या नर्सिंग होममधून पेशंट निघालीय, ५६ वर्षांची बाई, ईसीजी हृदयरोगतज्ज्ञ सरांच्या मोबाइलवर आलाय, समोरच्या भिंतीचा मोठा झटका. कॅथलॅबच्या टेक्निशियनला आणि सिस्टरला उठवलं. सर निघाले.

ॲम्ब्युलन्स दुर्गाडीवरून कोन, राजनोली, माणकोली करत माजिवड्याला येणार. या वेळेला रस्ता मोकळा, पाऊण तासाच्या आत. हीच बाई सकाळी दहाला निघाली असती तर कुठल्या सिग्नलला अडकली असती सांगता येत नाही.

४.५८ ला आली. सोबत नवरा आणि मुलगा. दुखणं कधीपासून? मुलगा म्हणाला, तासाभरापासून. मी तिलाच विचारलं. तर रात्री एकपासून पाठीत आणि जबड्यात दुखत होतं, दरदरून घाम आला, दोन उलट्या झाल्या. छातीत दुखत नव्हतं, म्हणून पित्त समजून आधी ओवा, मग सोड्याची पुडी, मग सगळ्यांची झोपमोड नको म्हणून सोफ्यावर बसून राहिली. मधुमेह आहे. बायकांचा, त्यातही मधुमेहाच्या बायकांचा झटका असा वेष बदलून येतो. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठलंही न समजणारं दुखणं, सोबत घाम असेल, तर ईसीजी काढावा. पित्त असलं तर काय, एक कागद वाया.

आमच्याकडे आल्यावर दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांत धमनी उघडायची, हा जगभरचा दंडक. त्यामुळे पुढचं सगळं हात चालतात तसं चालतं. सलाईन डाव्या हाताला, कारण उजव्या मनगटातून तार जायची. आणि उजव्या मनगटात डझनभर हिरव्या बांगड्या, हात सुजलेला, निघेनात. टेक्निशियन कात्री शोधायला लागला. बाई एवढ्या वेदनेत हात आवळून म्हणाली, "वाढवायच्या नाहीत हं. हे समोर उभे आहेत." अशा वेळी वाद घालत बसण्यात मिनिटं जातात, आणि बांगडी फुटली तर काच लागून रक्त थांबत नाही, कारण रक्त पातळ करायची औषधं आधीच पोटात गेलेली. मी तिच्या हातावर रबरी हातमोजा चढवला, वरून जेली चोपडली आणि एकेक बांगडी सरकवली. कासारीण पिशवी घालून करते तीच युक्ती. पाऊण मिनिट लागलं. बांगड्या आणि मंगळसूत्र पिशवीत, मुलाची सही.

नवऱ्याची सही मात्र अडली. सरांनी सगळं समजावलं, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मोठे भाऊ नाशिकला असतात, त्यांना विचारतो. आणि खर्च?" त्याला दोष देणं सोपं आहे. पहाटे पाचला परक्या गावात माणसाला हजारो रुपयांचा कागद पुढे करतात. खर्चाचं मी सांगितलं. रेशनकार्ड आणा, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसेल, खाली आरोग्यमित्राचं टेबल आहे, कागद सकाळी, आत्ता नुसती फोनवर नोंद. २०१२ साली निघाली तेव्हाचं "जीवनदायी" हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे, तो शब्द ऐकून त्याचा चेहरा जरा सैल झाला. स्टेंटच्या भावाची भीतीही जुनी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं कमाल किमती बांधल्या, साध्या जाळीला ७,२६० आणि औषध लावलेल्या जाळीला २९,६०० रुपये. त्याआधी एकेका जाळीचे लाख-सव्वा लाख मोजलेली माणसं ते अजून सांगतात. मग दर बदलत राहिले, पण मर्यादा राहिली.

"भाऊंना फोन लावा, पण स्पीकरवर ठेवा, सर बोलतील," मी म्हटलं. भाऊ एका वाक्यात हो म्हणाले.

टेबलावर एकदा ठोका बिघडला, एक शॉक लागला, दुसऱ्याची गरज पडली नाही. ५.५१ ला धमनी उघडली. दारापासून त्रेपन्न मिनिटं. सरांनी घड्याळ बघून मान डोलावली आणि आम्हीही खूश झालो. पण पडद्यावर हृदयाची समोरची भिंत सुस्त हलत होती. एक ते साडेतीन हे अडीच तास सोफ्यावर गेले होते आणि ते कुठल्याही यंत्रात परत मिळत नाहीत.

६.३०

पहाटेचे हे तास वाईट. जाग येताना शरीरातले संप्रेरक वाढतात, रक्तदाब चढतो, रक्त थोडं चिकट होतं, आणि झटक्यांचं प्रमाण सकाळी जास्त असतं. नेमके तेव्हाच रात्रपाळीचे पाय गळालेले असतात. रक्ताचे नमुने, सगळ्यांचे ईसीजी, पोटॅशियमचे आकडे, अंग पुसणं, चादरी. काकांचं वजन सातशे ग्रॅमनं उतरलं. आजींची पोटरी मऊ, पाऊल कोमट, फुलीवर आवाज खणखणीत. रिक्षावाल्याची जांघ कोरडी.

त्याला विचारलं, घरी गेल्यावर कुठली गोळी बंद करायची नाही? "रक्त पातळ करायच्या दोन्ही. वर्षभर." दाताचा डॉक्टर म्हणाला तर? "आधी इथं फोन." मावा? तो खिडकी शोधायला लागला. सीसीयूला खिडकी नाही.

७.५०

ओव्हर दिली. सहा नंबरची बाई डोळे उघडून म्हणाली, "बांगड्या?" मुलाकडे आहेत म्हटल्यावर पुन्हा झोपली.

१०.००

डोंबिवलीला घरी पोचते न पोचते तोच दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची हाक. बीपी बघून दे. मशीन त्यांचंच, मुलानं अमेरिकेहून पाठवलेलं, पण मोजायला मी. जिना चढून आल्या होत्या, म्हणून आधी पाच मिनिटं खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. आजींना हे शेवटचं अवघड. पहिल्यांदा १६४, थोड्या वेळानं १५६.

"गोळी घेतलीत?"

"आज एकादशी आहे ना."

"आजी, उपासाला गोळी चालते. पाण्याबरोबर घ्यायची."

"मग साबुदाण्याच्या खिचडीत मीठ घातलं नाही म्हणून समज. सैंधव घातलंय."

"सैंधव म्हणजे मीठच. आणि ते बटाट्याचे वेफर्स कशाचे?"

त्यांनी गोळी घेतली, मला दाखवून घेतली, आणि खिचडीची बशी माझ्यापुढे सरकवली. रात्रभर उपाशी असशील म्हणाल्या. मी खाल्ली. मीठ जास्तच होतं.